नवीन गाणं रेडिओवर लागण्यासाठी नक्की कुणाला गाठायचं?

गजढोल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मूळचा माण तालुक्यातला, म्हसवडजवळचा. सध्या नोकरीसाठी हडपसरला असतो. आम्ही चौघं मित्र गाणी करतो. तीन गाणी स्टुडिओत रेकॉर्ड करून, मिक्सिंग-मास्टरिंग करून तयार आहेत. एक धनगरी ओवीच्या अंगाचं, ढोल आणि गिटार. दुसरं साधं प्रेमगीत, शब्द आमच्या एका शिक्षक मित्राचे. तिसरी बहिणाबाईंची एक कविता, चाल आमची. स्ट्रीमिंगवर सगळीकडे टाकलीत. ऐकणारे म्हणजे नातेवाईक, आणि त्यांनी दमदाटी केलेले त्यांचे नातेवाईक.

वडिलांचा एकच प्रश्न असतो, "रेड्युला कधी लागणार?" बाकी कुठे काय लागलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

खाजगी एफएमच्या दोन-चार आरजेंना इन्स्टावर मेसेज केले. 'पाहिलं' असं दिसतं, उत्तर नाही. आकाशवाणीत कसं जायचं ते ठाऊक नाही. एकाने सांगितलं की पैसे मोजल्याशिवाय काही होत नाही. खरं काय? कुणी स्वतः यातून गेलंय का?

टवाळ टोणगा
सोपा उपाय. गणपतीत मांडवाच्या स्पीकरवाल्याला पकडा. रेडिओपेक्षा जास्त लोकांना ऐकू जातं आणि त्यांच्याकडे बंद करायचं बटणही नसतं.

नेटकरी नाना
मुळात २०-२५ वयाचं कोण रेडिओ ऐकतं हो आता? तीच मेहनत रील्सवर घाला. १५ सेकंदांचा तुकडा चालला तर रेडिओवाले स्वतः फोन करतील. उलट्या दिशेने कशाला जायचं?

फेडरवर बोट
मी एका खाजगी एफएमच्या प्रोग्रामिंग विभागात काही वर्षं होतो, आता नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

गजढोल, गाणी वाजवा म्हणून आरजेंना मेसेज करणं आधी थांबवा. गाणी आरजे निवडत नाही. तो स्टुडिओत येऊन बसतो तेव्हा समोरच्या स्क्रीनवर त्या तासाची यादी आधीच लागलेली असते. यादी सॉफ्टवेअर लावतं. कुठलं गाणं कुठल्या गटात आणि दिवसातून किती वेळा, हे त्या सॉफ्टवेअरला म्युझिक मॅनेजर सांगतो. मोठ्या नेटवर्कमध्ये तर यादीचा बराचसा भाग मुख्य कार्यालयातून येतो, जिल्ह्याच्या स्टेशनच्या हातात थोड्याच जागा उरतात. श्रोत्याला मात्र आरजेने मनाने गाणं लावलं असंच वाटत राहतं, आणि तसंच वाटावं म्हणून आम्ही पगार घ्यायचो.

अनोळखी गाणं लागलं की गाडीतला माणूस पुढच्या स्टेशनवर जातो, ही सगळ्या म्युझिक मॅनेजरांची कायमची भीती. म्हणून यादीत चित्रपटातली, आधीच कानावर पडलेली गाणी. तुमचं गाणं चांगलं की वाईट हा प्रश्न बऱ्याचदा टेबलापर्यंत येतच नाही.

मग फट कुठे असते? बोलण्याच्या भागात. आरजेला गाणं निवडता येत नसलं तरी पाहुणा बोलावता येतो, शहरातल्या घडामोडींवर बोलता येतं. "धनगरी ओवीला गिटारची साथ देणारी हडपसरची चार पोरं" हा त्याच्या कामाचा विषय आहे. त्यात दीड मिनिट गाणं वाजतं. शिवाय सणांच्या आधी स्टेशनला नवीन काहीतरी हवंच असतं. गणपती, नवरात्र, दिवाळी, शिवजयंती. फक्त गणपतीचं गाणं गणपतीच्या आदल्या आठवड्यात पाठवू नका, तोवर सगळं ठरलेलं असतं. महिना-दीड महिना आधी द्या.

पाठवताना: ईमेलला मोठी फाइल जोडू नका, लिंक द्या, आणि आठ दिवसांत मरणारी लिंक नको. फाइल वेव्ह, सोबत एक एमपीथ्री. गाणं साडेतीन मिनिटांच्या आसपास. सुरुवातीला पाऊण मिनिट आलाप किंवा नुसता ढोल असेल तर रेडिओसाठी वेगळी आवृत्ती करा, पंधरा-वीस सेकंदांत शब्द यायला हवेत. शब्द टाइप करून पाठवा. शिवीगाळ, जातीवाचक काही नको. खाजगी एफएमलाही परवान्याच्या अटींनुसार आकाशवाणीची प्रसारण-आचारसंहिता पाळावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हक्क तुमचेच आहेत आणि प्रसारणाला तुमची परवानगी आहे असं सही केलेलं पत्र. हे नसेल तर गाणं कितीही आवडलं तरी आमचा हात आखडायचा.

गजढोल
बापरे, यातलं अर्धंही कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. आमच्या ओवीच्या गाण्यात सुरुवातीला चांगला मिनिटभर ढोल आहे 🙈

टवाळ टोणगा
तो मिनिटभर ढोल मला पाठव. शेजारी रात्री ड्रिल मशीन चालवतात, उत्तर द्यायचंय.

रानवाटसरू
@नेटकरी नाना, तुमच्या ओळखीत कुणी ऐकत नसेल. आमच्याकडे दूध संकलन केंद्रावर, सलूनमध्ये, जीपमध्ये, द्राक्षबागेत पेट्या भरताना दिवसभर रेडिओच चालू असतो. हात कामात असताना रील कुठून बघणार माणूस?

नेटकरी नाना
ऐकतात, पण काय? तीच तीच हिंदी गाणी. त्यात नव्या मराठी पोरांचं गाणं कितीदा ऐकलंत ते सांगा की.

भावा_रंकाळा
नाना, त्या मुद्द्यावर आपला पाठिंबा हाय. मुंबईत बसून मराठी गाणं 'डाऊनमार्केट' म्हणणारी मंडळी हायत. आमच्या कोल्हापुरात मराठी लावलं की फोन खणखणतात. भावा, तू आधी जिल्ह्याच्या ठिकाणचं स्टेशन धर, पुण्या-मुंबईचं नंतर.

मध्यमलहर
मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक निवेदिका म्हणून बराच काळ काम केलं. गजढोल, तुमच्या प्रश्नाचा आकाशवाणीपुरता भाग मी घेते.

इथे पद्धत मुळातच निराळी. खाजगी वाहिनीकडे तुम्ही गाणं घेऊन जाता, आकाशवाणीकडे स्वतः जायचं असतं. म्हणजे ध्वनिचाचणी, ऑडिशन. केंद्रावर अर्ज मिळतो, शुल्क भरायचं, प्रकार निवडायचा: शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत वगैरे. उत्तीर्ण झालात की श्रेणी मिळते, बी, बी-हाय, ए आणि टॉप. त्यानंतर केंद्र तुम्हाला ध्वनिमुद्रणाला बोलावतं आणि श्रेणीप्रमाणे मानधन देतं. होय, रेडिओ तुम्हाला पैसे देतो! तुम्ही द्यायचे ते फक्त अर्जाचे, पावती घेऊन.

सुगम संगीताच्या चाचणीला चित्रपटगीतं चालत नाहीत. तरी दरवेळी कुणीतरी ट्रॅक घेऊन सिनेमातलं गाणं म्हणायला येतंच. परीक्षकांना सूर, शब्दोच्चार आणि लय ऐकायची असते. 'ण' आणि 'न' मधला फरक तिथे फार महाग पडतो. स्टुडिओत ऑटोट्यून करून मिळवलेला सूर माइकसमोर येत नाही, हेही सांगून ठेवते. गायकांप्रमाणे गीतकार आणि संगीतकार यांनाही मान्यता असते. तुमच्या शिक्षक मित्राने त्याची चौकशी करावी, म्हणजे त्यांचे शब्द तुम्हाला केंद्रावर गाता येतील.

बँड म्हणून जाणार असाल तर तुमच्या गिटारवाल्यांना हे सगळं जरा जुनाट वाटेल. वाटू दे. त्याआधी युववाणीत विचारा. तरुणांसाठीचा कार्यक्रम आहे, तिथे वातावरण मोकळं असतं. केंद्रावर प्रत्यक्ष जा, कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. फोनवर काम होत नाही असं नाही, पण चहाच्या वेळी भेटलेल्या माणसाचं जास्त होतं.

पेटीमास्तर
ताई, जुनाट वरून आठवलं. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती, श्रुती नीट लागत नाहीत, वाद्य परकं आहे म्हणून. ती अंशतः उठायलाही १९७१ उजाडलं. तीस वर्षं आमच्या वाद्याला त्या दारात मज्जाव. आणि आज ही मंडळी गिटार घेऊन चौकशी करतायत! प्रगती म्हणायची.

खमंग काकडी
आणि १९५२ ला बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री झाल्यावर चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोक काय अभिजात संगीत ऐकत बसले? सगळे रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. श्रोत्याला सुधारायला गेलं की तो काटा फिरवतो.

जुना पुणेकर
पण त्याच काळात, १९५५ मध्ये, पुणे केंद्राने गीतरामायण केलं हे विसरू नका. आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर. गदिमा आणि बाबूजी. तेव्हा रेडिओ गाणी वाजवत नव्हता, घडवत होता. आताची पोरं दारोदार फिरतायत हे काही बरं नाही.

नेटकरी नाना
आला, गदिमा-बाबूजींचा उल्लेख आला. आता पुढचे पन्नास प्रतिसाद 'तेव्हाचं आताचं'. धाग्याचा काश्मीर व्हायला सुरुवात.

खमंग काकडी
नाना, तुम्हीच पहिल्या पानावर "रेडिओ कोण ऐकतं" म्हणून ठिणगी टाकलीत 😄

काळा कोट
विषयावर येतो. फेडरवर बोट यांनी हक्कपत्राचं लिहिलंय, त्याला जोड.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल, दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण. मुद्रणाचे पैसे तुम्ही चौघांनी भरले, तर त्याचे निर्माते तुम्ही. शब्द शिक्षक मित्राचे, तर त्यांची लेखी परवानगी घ्या. मैत्री आहे म्हणून तोंडी चालवू नका. गाणं चाललं की मैत्रीची परीक्षा सुरू होते.

बहिणाबाईंची कविता: १९५१ साली त्या गेल्या, संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे कॉपीराइटची मुदत साठ वर्षांची, मरणोत्तर प्रकाशनाला ती प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे कशीही मोजली तरी संपली. शब्द निर्धास्त वापरा, फक्त चाल खरोखर तुमची हवी. आधीच्या एखाद्या प्रसिद्ध चालीची सावली असेल तर ती चाल दुसऱ्याची मालमत्ता आहे.

ओवीबद्दल जरा थांबा. 'पारंपरिक' असा शिक्का मारून टाकलेल्या कित्येक गाण्यांना खरे कवी आणि संगीतकार असतात, हयातही असतात. कोळीगीतांत हे सर्रास होतं. तुमची ओवी कुणाकडून आली ते बघा.

आणि कुणाचं गाजलेलं गाणं 'कव्हर' करून रेडिओला पाठवायचा विचार असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-सी वाचा. मूळ मुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षं पूर्ण व्हावी लागतात, आगाऊ नोटीस आणि रॉयल्टी द्यावी लागते. 'क्रेडिट्स टू ओरिजिनल ओनर' एवढं लिहिल्याने काहीही होत नाही.

सहावी काळी
@काळा कोट, रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला खरंच काही मिळतं का? की ते फक्त कायद्याच्या पुस्तकात?

काळा कोट
कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा पूर्णपणे सोडून देताच येत नाही, करारात लिहून घेतलं तरी. तरी एफएम कंपन्या म्हणत होत्या की आम्ही मुद्रणाचे पैसे देतो, शब्द-चालीचे वेगळे का? एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, की मुद्रण वाजवलं तरी आतल्या शब्द-चालीसाठीही रॉयल्टी लागते. आयपीआरएस म्हणजे गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची संस्था. सदस्य व्हा, गाण्यांची नोंद करा. नोंदच नसेल तर तुमच्या नावाचे पैसे कुणाला देणार? सोबत प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी क्रमांक लागतो, म्हणजे त्या मुद्रणाची स्वतंत्र ओळख, बारा अक्षरी. तुमची गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरने दिला असेलच, डॅशबोर्डवर पाहा.

आता नव्या माणसाचं गाणं महिन्यात दोनदा वाजलं तर वडापावचे सुटतील. पण नोंद राहते.

टवाळ टोणगा
चौघांत एक वडापाव. बँड फुटायचं कारण मिळालं.

मेलबर्नकर माधव
इथला अनुभव. ऑस्ट्रेलियात ट्रिपल जे ही सरकारी प्रसारकाची तरुणांची वाहिनी आहे, तिचा 'अनअर्थ्ड' उपक्रम १९९५ पासून चालू आहे. कुणीही गाणं वेबसाइटवर चढवायचं, संगीत विभागातली माणसं खरोखर ऐकतात, आवडलं तर वाजवतात. मध्ये दलाल नाही. बीबीसीचंही 'इंट्रोड्यूसिंग' तसंच आहे. कॅनडात तर लोकप्रिय संगीताच्या व्यावसायिक स्टेशनांना ३५ टक्के गाणी कॅनडाची वाजवणं बंधनकारक आहे. असं काही आपल्याकडे मराठीसाठी झालं तर?

भावा_रंकाळा
माधवराव, ३५ टक्के मराठी सक्तीचं केलं तर तीच जुनी दहा गाणी फिरवून फिरवून ३५ टक्के भरतील. नवं गाणं तिथंबी दाराबाहेरच.

मेलबर्नकर माधव
हे मात्र खरं. नियमात 'नवीन' हा शब्द घालावा लागेल.

आंबोळी
पैशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या भावाला एका 'प्रमोशन एजन्सी'ने "दहा स्टेशनांवर एअरप्लेची हमी" म्हणून पॅकेज विकलं. रक्कम लिहीत नाही, घरात अजून विषय काढलेला चालत नाही. शेवटी मिळालं काय? इंटरनेटवरच्या कुठल्या कुठल्या वेब-रेडिओंच्या याद्या आणि एक पीडीएफ 'प्रमाणपत्र'. त्या वेब-रेडिओंना त्या क्षणी किती जण ऐकत होते हे त्यांच्याच पानावर दिसत होतं. शून्य, नाहीतर एक. तो एक भाऊच असणार.

फेडरवर बोट
@आंबोळी, अशा पॅकेजवाल्यांचे मेल आम्हालाही यायचे, शंभर गाण्यांचा गठ्ठा एकत्र. उघडायचे कोण? पैसे देऊन रेडिओवर येण्याचा सरळ मार्ग एकच, स्टेशनच्या जाहिरात विभागाकडून वेळ विकत घ्यायचा, बिल घ्यायचं. ती जाहिरात असते, आणि ऐकणाऱ्यालाही ती जाहिरातच वाटते. नव्या कलाकाराने त्यात पैसे घालू नयेत असं माझं मत.

अजून एक. मित्रांना कामाला लावून फर्माइशी पाठवू नका. एकाच दुपारी एकाच गाण्यासाठी एकसारख्या मजकुराचे चाळीस मेसेज आले की स्टेशनला कळतं.

जुना पुणेकर
फर्माइशींची नावं गावासकट वाचायचे तो काळ वेगळाच. एकेका पोस्टकार्डावर अख्खं आळीचं नाव.

माळावरची
मला आश्चर्य वाटतंय की एवढ्या प्रतिसादांत कम्युनिटी रेडिओचं नाव कुणी घेतलं नाही! गजढोल, तुम्ही म्हसवडचे ना? अहो, तुमच्या गावात माणदेशी तरंग आहे, ९०.४ वर. वडील बहुधा तेच ऐकत असतील.

मी दुसऱ्या एका कम्युनिटी रेडिओत स्वयंसेवक आहे. २००६ च्या धोरणानंतर संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही परवाने मिळू लागले. ट्रान्समीटर लहान, १०० वॅटचा, पोच दहा-पंधरा किलोमीटर. पण नियमच असा की निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हायला हवा. आम्हाला रोज तास भरायचे असतात आणि चित्रपटगीतांवर ते भरायचे नसतात. जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळ, शाळेतली पोरं, सगळ्यांना बोलावतो. तुमच्यासारखं कुणी तयार गाणं घेऊन आलं तर आम्ही खुर्ची पुढे करतो.

पुण्यातही बघा. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे. तिकडे बारामतीला शारदा कृषी वाहिनी, सांगलीच्या जत भागात येरळावाणी. प्रत्येकाचा सूर वेगळा, आधी चार दिवस ऐका आणि मग जा.

नेटकरी नाना
दहा किलोमीटर! एवढ्यात तर आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पोचतो.

माळावरची
पोचतो, पण तुमच्या सोसायटीतलं कुणी ते गाणं पूर्ण ऐकतं का नाना? आमच्याकडे गाणं लागलं की दुसऱ्या दिवशी बाजारात बाया विचारतात, कुणाची पोरं ही.

मध्यमलहर
माळावरची, अगदी. शिवाय तिथे माइकसमोर बोलायचा सराव होतो. केंद्रावर ऑडिशनला येणारी किती मुलं नुसत्या लाल दिव्याला घाबरतात!

मांडवीकाठ
पणजीहून. आमच्याकडे आकाशवाणीवर कोंकणी आणि मराठी दोन्ही, त्यामुळे भजन-नाट्यगीत करणाऱ्यांना जागा मिळते. पोर्तुगीज काळात इथे एमिसोरा द गोवा हे रेडिओ केंद्र होतं, तिथल्या गोष्टी सांगणारी जुनी माणसं अजून आहेत. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. वाचनखूण साठवली.

गजढोल
धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा कम्युनिटी रेडिओवर जाऊन आलो. ओवीचं गाणं ढोल कापून दिलं होतं, तर तिथल्या ताई म्हणाल्या, मूळचं आणा, इथे ढोलाची कुणाला घाई नाही. फेडरवर बोट, माफ करा 😀 गप्पा रेकॉर्ड झाल्या, गाणंही लागलं. दोन गावांतून जत्रेला वाजवायला या असा निरोप आलाय, मानधनाचं अजून कुणी बोललेलं नाही.

पुण्यात एका आरजेला माळरान, ढोल, गिटार असं सगळं चार ओळींत लिहून पाठवलं, गाण्याची लिंक शेवटी. या वेळी उत्तर आलं, "बघते." आकाशवाणीचा अर्ज आणलाय. गायक मित्र 'ण' आणि 'न' घोटतोय. शिक्षक मित्राकडून लेखी घेतलं, त्याने सही करताना खालून वरून तीनदा वाचलं.

@काळा कोट, ओवी आमच्या घरातलीच, चुलते म्हणतात ती. गाण्यातला ढोलही त्यांचाच. मग आता काही अडचण नाही ना?

नेटकरी नाना
अभिनंदन. जत्रेतल्या वादनाची रील मात्र टाका.

काळा कोट
अडचण नाही, पण चुलत्यांचीही सही घ्या. वाजवणाऱ्याला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क असतो, आणि ओवीत त्यांनी स्वतःची कडवी घातली असतील तर गीतकार म्हणूनही नाव लागायला हवं. आयपीआरएसला नोंद करताना ते आधी ठरवा.

टवाळ टोणगा
चुलत्यांची सही घ्यायला जपून जा. कागद पुढे केला की बांधाचा विषय निघेल.